विमान आलं, अक्का नाही

अहमदाबाद
१७ नोव्हेंबर २०२५

अक्का,

नमस्कार. लहान बहीण म्हणून करावा लागतो म्हणून करते आहे, मनातून नाही.

काल गोव्याहून परत आले. एकटी. खोली दोघींसाठी घेतलेली, परतीचं तिकीट रविवारचं, मग राहिले तिथंच चार दिवस. हॉटेलातला माणूस रोज सकाळी दोन चहा आणून ठेवायचा. पहिल्या दिवशी दोन्ही मी प्यायले. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर ओरडले. बिचाऱ्याचा काय दोष? ओरडायचं होतं तुझ्यावर.

गुरुवारी मी सकाळीच उतरले होते. तुझं सोलापूरचं विमान दुपारी येणार म्हणून तिथंच थांबले, उपाशी, कारण तू कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणणार होतीस. विमान वेळेवर आलं. माणसं बाहेर पडू लागली. एक नवं जोडपं, दोन व्यापारी, चादरींचं गाठोडं घेतलेलं एक कुटुंब. अक्का नाही. मी वैमानिक बाहेर पडेपर्यंत उभी होते. तुझा फोन बंद. मला वाटलं, आत संडासाची कडी अडकून बसली असशील. तिथल्या शिपायाला तुझं वर्णन सांगितलं : ठेंगणी, कपाळाला विभूती, हातात गाठोडं, मोठ्यानं बोलते. त्यानं सगळीकडं शोधलं. शेवटी शंभूला फोन केला, तर तुझा लेक काय म्हणतो? "मावशी, आई तर घरी हाय. चहा पितीय. विमान रद्द झालं म्हणून आली परत."

ज्या विमानातून माणसं उतरताना मी डोळ्यांनी पाहिली, ते रद्द कसं झालं, हे मला समजावून सांग.

फोनवर विचारणार होते. पण तुमच्या घरात फोन म्हणजे चावडी. स्पीकर चालू, अख्खं घर भोवती, आणि तू "बरं बरं, ठीक, ठेवते" एवढंच बोलणार. म्हणून पत्र. हे तुझ्या हातात पडेल आणि उत्तरही तुलाच लिहावं लागेल.

आई गेल्यावर तूच म्हणाली होतीस, "मही, एकदा दोघीच जाऊ कुठंतरी. नवरा, लेकरं, सुना कुणी नको." तुझ्या लग्नानंतर आपण दोघी एका खोलीत कधी झोपलो नाही, अक्का. मी तीन महिने या चार दिवसांची वाट पाहिली. त्याचं तू असं केलंस.

मही


अणदूर
२५ नोव्हेंबर २०२५

चि. महेश्वरीस,

अनेक आशीर्वाद. रागावर उतारा म्हणून दोन जास्तच घे.

तू मला बुटकी म्हणालीस ते त्या परक्या माणसाला सांगायची काय गरज होती? विभूतीवरून ओळखलं नसतं का त्यानं?

आता खरं काय झालं ते सांगते. शंभू मला गाडीनं सोलापूरला सोडून गेला. मी आत गेले. तपासणीच्या चौकटीखालून जाताना ते यंत्र टीं टीं करायला लागलं. एकदा, दोनदा. तिथल्या पोलीस बाईनं हात फिरवला आणि म्हणाली, गळ्यात काय आहे. मी म्हटलं, इष्टलिंग. ती म्हणाली, काढून ट्रेमध्ये ठेवा. मही, त्या ट्रेमध्ये लोक चपला ठेवतात, कमरेचे पट्टे ठेवतात. आठव्या वर्षी स्वामींनी बांधलेलं लिंग मी बाळंतपणातसुद्धा अंगावेगळं केलं नाही, आणि आता गोवा बघायला काढू? मी नाही म्हटलं. ती हो म्हणाली. बोलाचाली झाली. तेवढ्यात विमान गेलं.

घरी विमान रद्द झालं असं सांगितलं, कारण खरं सांगितलं असतं तर शंभू तिथं भांडायला गेला असता. त्याचा स्वभाव तुला ठाऊक आहे, आपल्या अप्पांवर गेलाय.

फोन बंद ठेवला तो तुझ्याच भीतीनं. भाकऱ्यांचं गाठोडं तिथंच राहिलं. तू उपाशी थांबलीस हे वाचून वाईट वाटलं, पण चार तास उपाशी राहायला तुला कुणी सांगितलं होतं? काहीतरी खाऊन घ्यावं माणसानं.

झालं ते झालं. देवाच्या मनात नव्हतं. आता या वयात मला विमान नको, तू इकडंच ये. हुरड्याला ये.

तुझी,
अक्का


अहमदाबाद
२ डिसेंबर २०२५

अक्का,

हुरडा गेला खड्ड्यात!

तुझं पत्र वाचून माझा तुझ्यावरचा राग उतरला आणि त्या बाईवर चढला. ही काय पद्धत झाली? कृपाण, ताईत, मंगळसूत्र सगळं चालतं आणि बासष्ट वर्षांच्या बाईचं लिंग ट्रेमध्ये? मी स्वतः लिंग बांधणं केव्हाच सोडलंय, आई त्यावरून जन्मभर माझ्याशी भांडली, तरीसुद्धा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मी तुला विमानतळावर काय काय शिव्या दिल्या होत्या! त्या परत घेते. बुटकी मात्र परत घेत नाही.

मी बत्तीस वर्षं शाळा चालवली आहे. तक्रार कशी लिहायची ते मला कळतं. सोबत अर्ज जोडला आहे. तारीख, वेळ, सगळं घातलंय. त्या बाईचं नाव तेवढं मोकळं ठेवलंय. खाकी कपड्यांवर नावाची पट्टी असते, तू वाचलीच असशील. नाव लिही, खाली सही कर आणि परत पाठव. पुढचं मी बघते. तिची बदली झाल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

आणि हुरड्याचं आमंत्रण मला देऊ नकोस. तिकडं आले की तू चुलीपाशी आणि मी ओसरीवर. पाहुण्यांना चहा, गाईला पेंड, "मही, जरा बस, आलेच," आणि तू येत नाहीसच. दर वेळी तेच. मला पाहुणचार नको होता. मला तू हवी होतीस.

मही


अणदूर
९ डिसेंबर २०२५

मही,

अर्ज बंबात घातला. कागद जाड होता, पेटायला वेळ लागला, म्हणून दोनदा वाचून झाला. "धार्मिक भावना पायदळी तुडवल्या" हे वाक्य चांगलं जमलंय. पण त्या पोरीनं काहीएक तुडवलेलं नाही. खबरदार तिच्या नावानं काही पाठवलंस तर.

तिचं नाव जगदेवी. पंचविशीची असेल. यंत्र वाजलं हे खरं. मी पदर सारून लिंगाची डबी दाखवली. तिनं हात जोडले, "शरणु अक्का" म्हणाली आणि आपल्या खाकी शर्टाच्या आतून स्वतःची डबी काढून दाखवली. "म्या बी बांधलंय की. जावा तुमी." माझ्या पिशवीतली विभूतीची वडी बघून पलीकडचा माणूस चक्रावला, तर त्यालाही तिनंच समजावलं. अशा लेकराची तू बदली करायला निघाली होतीस. सगळं माझ्या खोट्यापायी.

आता तू विचारशील, मग झालं काय? लिहायची लाज वाटते. तू हसू नकोस, आणि शंभूला कधी बोलू नकोस.

आत गार खुर्च्या होत्या. मी मोबाइल मांडीवर घेऊन बसले. निघताना मी घरात कुणाला काही सांगितलं नव्हतं. तूरडाळीचा डबा मी माळ्यावर चढवलाय, विरजण कुठल्या भांड्यात, गाय डाव्या बाजूनं धार देत नाही, काही नाही. विसरले नव्हते. मुद्दाम सांगितलं नव्हतं. म्हटलं, अडेल तेव्हा फोन करतील.

फोन वाजेना. एकदा वाटलं वाजला, तर तो शेजारच्या माणसाचा. सकाळच्या धारेची वेळ होऊन गेली, तरी नाही. धारेची वेळ होऊन गेली, तरी नाही. मोबाइल बंद तर पडला नाही ना म्हणून त्या जगदेवीकडून लावून बघितला. चांगला खणखणीत वाजला.

समोर विमान उभं होतं, पंख्याचं, आपल्या एसटीएवढंच. लोक चालत निघाले. माझं नाव पुकारलं. मी उठले, पिशवी उचलली, आणि पाय पुढं पडेनात. मनात आलं, माझ्यावाचून काहीच अडत नाही. मग चाळीस वर्षं मी त्या घरात काय केलं? आणि आता वर उडून गेले आणि चार दिवसांनी आले तर मला बसायला तरी जागा राहील का? हसण्यासारखं आहे, मला कळतं. जगदेवीला म्हटलं, बरं वाटत नाही, मला बाहेर सोड. तिनं पाणी पाजलं, बाहेरपर्यंत हात धरून आली. भाकऱ्यांचं गाठोडं तिलाच दिलं.

घरी आले तर काय? आमटी तयार. दूध तापवून झाकलेलं. नात बसवश्रीच्या दोन वेण्या घातलेल्या, माझ्यापेक्षा नीट. मला बघून म्हणाली, "आज्जी, इतक्यात आलीस?"

सून म्हणून शिवांजलीत खोट नाही. तीच तर अडचण आहे. खोट असती तर मी बिनघोर विमानात बसले असते.

तुझे दाजी होते तोवर दिवसातून दहा वेळा हाक यायची. माझा टॉवेल, माझा चष्मा, माझी तपकीर. तेव्हा वैताग यायचा. आता कुणी हाकच मारत नाही.

आता काय शिव्या द्यायच्या त्या दे.

अक्का


अहमदाबाद
१६ डिसेंबर २०२५

अक्का,

शिव्याच देते.

धन्य आहेस तू! डाळीचा डबा माळ्यावर चढवून ठेवलास? गुडघे दुखतात म्हणून देवळाच्या पायऱ्या चढत नाहीस आणि सुनेची फजिती करायला माळ्यावर चढलीस? मी तिथं संडासाच्या कड्या तपासत फिरते आहे आणि तू घरी सुनेला डाळ सापडली म्हणून रडते आहेस. तुला शिकवलं त्याच मास्तरांनी मलाही शिकवलं, यावर विश्वास बसत नाही.

आता माझं ऐक. आपला खंडोबा या घडीला कुठं आहे? अणदुरात आहे का? नाही. ठरल्याप्रमाणे नळदुर्गाला गेलाय. दर वर्षी जातो. जवळजवळ दोन महिने तुमच्या देवळात मूर्ती नसते. म्हणून अणदूर बुडालं का? देवळात दिवा लावतातच ना? पण पौषी पौर्णिमेची जत्रा झाली की तुमचे मानकरी जाऊन देव परत आणतात. का? देवावाचून गावाची चूल पेटत नाही म्हणून नव्हे. तो आपला आहे म्हणून. लहानपणी अप्पांच्या खांद्यावर बसून भंडारा उधळायला तूच पुढं असायचीस. देवाला जे कळतं ते तुला कळू नये?

आणि तूच एकटी शहाणी नाहीस. मे महिन्यात मी निवृत्त झाले. त्याआधी माझा फोन जेवू देत नसे. आता दिवसभर वाजत नाही. ह्यांचं आणि मुलांचं आपापलं चालू असतं. गोव्याहून एकटी परत आले त्या रात्री "पोचलीस का" म्हणून एकाचाही फोन आला नाही. तुझाही नाही. मी तुला समुद्र दाखवायला बोलावत नव्हते, अक्का. मला कुणीतरी चार दिवस "मही, मही" करायला हवं होतं. हे पहिल्याच वेळी सांगायला हवं होतं, पण मुख्याध्यापिकेच्या तोंडून असलं निघत नाही.

पाच जानेवारीचं तुझं गोव्याचं तिकीट पुन्हा काढलं आहे. आता नवं कारण मी ऐकणार नाही. कडक भाकऱ्या नव्यानं कर. आणि निघायच्या आधी तो डबा खाली उतरवून ठेव, स्वतः चढून नव्हे, शंभूला सांगून.

या वेळी माणसं बाहेर पडली आणि तू नसलीस, तर मी तिथूनच पुढच्या गाडीनं अणदूरला येईन आणि भर बाजारात तुझी हजेरी घेईन.

मही


अणदूर
१२ जानेवारी २०२६

चि. महीस,

आशीर्वाद. आज ते जपूनच देते आहे, कारण माझा पारा चढलेला आहे.

गोव्यात पाच दिवस तू माझ्याशी गोड बोललीस. समुद्रात हात धरून नेलंस, लाट आली की माझ्यापेक्षा तूच मोठ्यानं ओरडलीस. रात्री आईच्या आठवणी काढून उशीर करायचीस आणि सकाळी तुला उठवता उठवता माझा जीव जायचा. सगळं मान्य. पण त्या फोनांचं काय?

रोज दोन-तीन फोन. शिवांजलीचा. "अत्या, हळद कुठं ठिवलीय?" "अत्या, गाय धारच दीना, काय करू?" "अत्या, मेथीच्या भाजीत लसूण घालू का नको?" मी लाटांत उभी राहून गाईला कसं चुचकारायचं ते सांगत होते. तू शेजारी कपाळाला हात लावून म्हणायचीस, "बघ, तुझ्यावाचून पान हलत नाही." आणि मी मूर्खासारखी खूश. शेवटच्या दिवशी तर मी तुला मोठ्या तोऱ्यात म्हणाले, आता पुरे, घरच्यांचे हाल चाललेत, मला गेलं पाहिजे.

सोलापूरला उतरले. बाहेर शंभू, शिवांजली, बसवश्री तिघंही उभे. मी दारातून बाहेर येते न येते तोच बसवश्रीनं मूठभर भंडारा माझ्या डोक्यावर उधळला आणि "येळकोट येळकोट" ओरडली. देव कालपरवाच नळदुर्गाहून परत आलेला, तो भंडारा तिनं राखून ठेवला होता म्हणे. नवी साडी पिवळी. माझ्यामागून येणारा एक टायवाला पिवळा. पोलीस धावले. लाजेनं मेले मी. पलीकडं ती जगदेवी उभी होती, ती हसत होती. तिनंच बाकीच्यांना शांत केलं आणि मला विचारलं, "अक्का, या बारीला गेलाव न्हवं?" खंडोबाला परत आणतात ती गोष्ट बसवश्रीला कुणी सांगितली असं मी गाडीत विचारलं. मग सगळं बाहेर आलं.

"मावशीआज्जीनं," बसवश्री म्हणाली. "तिनंच आईला सांगितलं, रोज काय बी इचारायला फोन करत जा म्हणून. हळद तर आईच्या म्होरंच व्हती."

म्हणजे माझं बंद पाकिटातलं बोलणं तू सुनेला सांगितलंस! शंभूला बोलू नकोस म्हटलं होतं, तर तू थेट तिला गाठलंस. आता यावर "शंभूला कुठं सांगितलं" असं म्हणशील, ते मला पाठ आहे. मी शिवांजलीकडं बघितलं, तर ती खिडकीबाहेर उसाच्या ट्रॉल्या मोजल्यासारखं करत होती. मी म्हटलं, "आणि पहिल्या बारीला? तवा एक बी फोन केला न्हाईस ते?"

उत्तर शंभूनं दिलं. "आई, तवा हिनं समद्यांचे मोबाइल कपाटात घालून कुलूप लावलं व्हतं. म्हनली, अत्या जन्मात पयल्यांदा एकट्या भाईर निघाल्यात, आज त्यास्नी कुनी त्रास द्यायचा न्हाई. आमटी करपली, परत टाकली. गाईनं लाथ घातली हिला. पन तू परत येईपतुर फोनला हात लावू दिला न्हाई."

आणि विमान रद्द झालं नव्हतं हेही तिला त्याच दुपारी कळलं होतं. विमान कुठं आहे ते मोबाइलवर दिसतं म्हणे. तिनं मला एका शब्दानं विचारलं नाही. गरम चहा पुढं ठेवला आणि गाईला बघायला गेली.

मी बसवश्रीवरच घसरले. "मग डाळ सापडंना तर एकदा तरी इचारायचं व्हतं की."

ती म्हणाली, "डाळ आईनं दुकानातून आणली. आमाला डाळीचं इचारायचंच नव्हतं. म्या तीनदा कपाट उघड म्हनून रडले. तू विमानात बसलीस का, तुला भ्या वाटतंय का, एवढंच इचारायचं व्हतं."

मही, त्या गार खुर्चीत एवढंच कुणी विचारलं असतं तर मी चढले असते गं त्या विमानात. मी डाळीच्या फोनाची वाट बघत बसले आणि ती पोर इकडं कपाटाशी रडत होती.

नळदुर्ग येईपर्यंत मी पदर तोंडाला लावून बसले. शिवांजलीनं माझ्या केसांतला भंडारा झटकला. तिच्यावर रागवावं की काय करावं ते अजून ठरत नाही. काल डाळीचा डबा तिच्याच हातात दिला आणि म्हटलं, तुला पाहिजे तिथं ठेव. तिनं तो ओट्यावर ठेवला, माझ्या हाताला येईल असा.

आता तुम्हा दोघींना निक्षून सांगते. माझ्या पाठीमागं एकमेकींशी खलबतं करायची नाहीत. पुढच्या खेपेला फोन करायचा तर सरळ करा, हळदीची सोंगं नकोत. पुढची खेप आहे, हे मी ठरवून टाकलंय. या वेळी डोंगर. समुद्रात फार वाळू जाते पातळात.

हे सगळं लिहून झालं आणि एकदम ध्यानात आलं. तू अहमदाबादला नीट पोचलीस का? भंडारा, डाळ, गाय यांत तीन दिवस गेले आणि तेवढंच विचारायचं राहिलं. पत्र पोचायला आठवडा लागेल. म्हणून हे पाकीट बंद करते आणि आधी तुला फोन लावते. स्पीकर चालू असेल. ऐकू दे सगळ्यांना.

तुझी,
अक्का